मामाजींचा हात आणि वेबॅक मशीन : वर्षभराच्या वापरानंतर

वेबॅक मशीन म्हणजे नेटवरच्या पानांच्या जुन्या प्रती तारखेसकट दाखवणारी सेवा, तिला मी पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते सांगणारच आहे. आधी हे सांगते, की ज्याचं लिहिलेलं कोणी उचललं आहे आणि ज्याच्याकडे स्वतःच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही, त्याच्यासाठी इतक्या कामाची दुसरी फुकट सेवा मला माहीत नाही.

मी वरुड तालुक्यातल्या एका गावात राहते. साडेचार एकर संत्र्याचा बगीचा, बाकी वावरात कपाशी अन् तूर. २०१६ पासून बगीच्याच्या नोंदी लिहून नेटवर ठेवते. आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण कधी दिला, पानं काळी करणारी कोळशी कोणत्या ओळीतून सुरू झाली, डिंक्या लागलेली झाडं कशी वाचली, कोणती नाही वाचली. बरंचसं ज्ञान माझ्या सासऱ्यांचं, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. लिहिणं माझं, फोटोही माझे. कोणाला विकत नाही. मोर्शीकडचे, काटोलकडचे लोक वाचतात, कधी फोन करून विचारतात, तेवढंच.

त्यातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी नोंद डिंक्यावरची आहे. बुडाजवळ खोडातून डिंक गळायला लागला, की मी साल बोटानं दाबून पाहते. नोंदीत मी लिहिलं होतं, ‘साल भिजल्या पुठ्ठ्यासारखी लागते’. सोबत मामाजींचा हात खोडावर ठेवलेला फोटो. त्या हाताच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नाही. २०१७ च्या हिवाळ्यात कडबाकुट्टीत गेलं. फोटो २०१८ चा.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन अंगणात आला. पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, लावायची घाई सगळ्यांनाच असते. तो म्हणाला, ‘काकू, इथं फवारणीले दहा लिटर लिवलं हाय, तुम्ही त शंभर म्हणता.’ मी मोबाईल हातात घेतला. आमच्या भागात माल विकणाऱ्या एका औषध कंपनीचं पान होतं. वर त्यांचं बोधचिन्ह, खाली माझी नोंद. वाक्यं माझी, क्रम माझा, भिजला पुठ्ठा माझा. दुसऱ्या परिच्छेदात तर ‘आमच्या मामाजींनी’ हे शब्दही तसेच होते. फोटो चारी बाजूंनी कापून लहान केलेला, पण बोट ओळखायला किती वेळ लागतो?

मजकूर छोटा करताना त्यांनी माझे दोन परिच्छेद एकात घुसवले होते. खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात तेवढंच मोरचूद आणि तेवढाच चुना, पण पाणी शंभर लिटर. त्यांच्या पानावर फवारणीखालीच दहा लिटर आलं होतं. म्हणजे झाडावर दहापट तीव्र मिश्रण. शिवाय लोखंडी खिळा बुडवून पाहायची माझी ओळ गाळलेली. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं आणि चुन्याची निवळी आणखी घालायची, हे ज्याला माहीत नाही त्याच्या बगीच्यात पानं करपतात. पोरानं विचारलं म्हणून त्याची झाडं राहिली. न विचारणारे किती असतील, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. औषधाच्या आकड्याशी खेळ म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मामाजींना मी वाचून दाखवलं. ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बोर्डोचं कोणी मालक नाई. मले कोणी सांगतलं, म्या तुले सांगतलं. पण हात माहा हाय अन् चूक त्यायची हाय. त्यायच्या चुकीवर माहा हात नोको.’

पुढचं सगळं मी या एका वाक्यासाठी केलं. बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी निघालं, ते आज जगाचं आहे. माहितीवर मी हक्क सांगतच नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्यातही बोर्डो आहेच. पण माझ्या वाक्यांवर आणि माझ्या फोटोवर माझा हक्क आहे, आणि ती वाक्यं मोडून कोणाच्या झाडाचं नुकसान होत असेल तर माझी जबाबदारीही आहे.

इथे माझी चूक झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. घाबरून मी सकाळीच कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आकडा चुकला आहे, आधी तो दुरुस्त करा, मग नावाचं बोलू, असं सांगितलं. समोरचा म्हणाला, माहिती सगळ्यांचीच असते, ताई. आकडा त्यांनी दुपारपर्यंत दुरुस्त केला, त्याचं मला बरं वाटलं. पण संध्याकाळी पाहते तर पानावरची तारीखही बदललेली. आधी जानेवारी २०२५ होती, आता जून २०१५. म्हणजे माझ्या नोंदीच्याही आधीची. उद्या कोणी विचारलं तर मी त्यांचं उचललं असं ठरलं असतं. माझ्याकडे होता फक्त शेजारच्या पोराच्या मोबाईलमधला एक स्क्रीनशॉट, आणि स्क्रीनशॉटवर कोणीही काहीही टाइप करू शकतं.

मामाजींनी तारीख ऐकली आणि हात पुढे केला. ‘दोन हजार पंधरात माहं बोट साबूत होतं.’ दवाखान्याचा २०१७ चा कागद त्यांनी स्वतःच पेटीतून काढून दिला.

नागपूरला शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं त्या रात्री वेबॅक मशीन सांगितलं. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था ते चालवते. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली, आणि २००१ पासून कोणालाही जुनी पानं पाहता येतात. संस्थेची यंत्रं नेटवर फिरून पानांच्या प्रती तारखेसकट ठेवत जातात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ही संख्या एक लाख कोटी पानांवर गेली. वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्ग उघडायचं, पानाचा पत्ता टाकायचा, की कॅलेंडर येतं आणि ज्या ज्या दिवशी प्रत ठेवली त्या दिवसावर गोल दिसतो.

मी माझ्या नोंदीचा पत्ता टाकला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गोल होता. मी कधीच काही जतन केलेलं नव्हतं, या यंत्राचं नावही ऐकलं नव्हतं, आणि सात वर्षांपूर्वीचं माझं पान तिथे फोटोसकट जसंच्या तसं उभं होतं. मला रडू आलं. आपलं लिहिणं कोणीतरी सांभाळून ठेवलं होतं, याचं ते रडू होतं.

मग त्यांच्या पानाचा पत्ता टाकला. एकच गोल, फेब्रुवारी २०२५ मधला. आत तेच पान, तीच चूक, आणि खाली मूळ तारीख, जानेवारी २०२५. ती एक प्रत नसती तर पुढे काही झालं असतं असं मला वाटत नाही.

आता वापराबद्दल. जुन्या प्रती पाहण्याइतकंच महत्त्वाचं आहे ‘सेव्ह पेज नाऊ’ हे बटण. पत्ता टाका, दाबा, त्या क्षणाची प्रत तयार. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. खातं काढलं तर पानाचा स्क्रीनशॉट आणि त्यातल्या दुव्यांची पानंही सोबत जतन करता येतात, म्हणून काढून घ्यावं. आमच्याकडे नेटवर्क स्लॅबवर गेल्याशिवाय येत नाही, आणि मला भीती होती की फोटोंचं जड पान मधेच अडकेल. पण पान उतरवण्याचं काम त्यांची यंत्रं तिकडे करतात, आपल्याकडून फक्त पत्ता जातो. दोन काड्या रेंजमध्येही काम होतं. मराठी अक्षरं असलेला पत्ता टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन जातो, त्याला घाबरायचं नाही, पूर्ण माळ तशीच चिकटवायची.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. आमच्या फीडरवर त्या आठवड्यात मोटारीची लाइन रात्रीची होती. मी पहाटे चार वाजता पाणी फिरवायला उठले होते, तेव्हाच चार दहाला त्यांचं बदललेलं पान जतन केलं. तारीख २२ मे. प्रतीच्या पत्त्यात आकडा आला २०२५०५२१२२४००५. चौदा आकडे : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. म्हणजे २१ मे, रात्री दहा चाळीस. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नव्हतं, ती वेळ ग्रीनिच प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. पुढे वकिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि मला उत्तर देता आलं.

एक गोष्ट इथे होत नाही. वाक्य टाकून चोर शोधता येत नाही, पानाचा पत्ताच लागतो. शोधायचं काम गूगलवर करावं. आपल्या लिखाणातलं असं एक वाक्य निवडायचं जे दुसऱ्या कोणाच्या तोंडी येणार नाही, आणि ते अवतरणचिन्हांत टाकायचं. मी ‘भिजल्या पुठ्ठ्यासारखी’ टाकलं. चार ठिकाणी निघालं. चारही पानं मी त्याच पहाटे जतन केली, मग चहा ठेवला.

क्रम हाच ठेवा. आधी जतन, मग फोन. आकडा धोक्याचा असेल तरी जतन करायला दोन मिनिटं लागतात, आणि फोन त्यानंतर लगेच करता येतो. जतन झाल्यावर प्रत उघडून पाहा. कधी मजकूर येतो आणि फोटो सुटतो, तसं असेल तर फोटोचा पत्ता वेगळा टाकून तो वेगळा जतन करावा.

तक्रारी मी तीन ठिकाणी पाठवल्या. कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर, त्यांचं पान जिथे ठेवलेलं आहे त्या होस्टिंगवाल्यांकडे, आणि गूगलच्या कॉपीराइट फॉर्मवर. प्रत्येक ठिकाणी त्याच दोन ओळी : माझं पान, सप्टेंबर २०१८ ची प्रत, आणि त्यांचं पान, फेब्रुवारी २०२५ ची प्रत. खाली लिहिलं की तारीख नंतर बदलली आहे, हा दुवा उघडून पाहा. लांबलचक काही लिहिलं नाही. गूगलच्या फॉर्मबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. तिथून फक्त शोधात दिसणं बंद होतं, पान जागेवरच राहतं. आणि तक्रारीची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाते, त्यात तक्रार करणाऱ्याचं नाव दिसू शकतं. घरातल्या बाईनं स्वतःच्या नावानं तक्रार करायची म्हणजे हे आधी ठाऊक हवं. मी माझ्याच नावानं केली.

अकराव्या दिवशी पान निघालं. माफीचा शब्द नाही, उत्तर नाही. चारांपैकी आणखी एक मार्गी लागलं, ते एका शाळामास्तरांनी चांगल्या मनानं उचललं होतं, त्यांनी फोन करून दिलगिरी सांगितली आणि माझं नाव घालून ठेवू का विचारलं. मी आनंदानं हो म्हटलं. मला हवं होतं ते एवढंच. उरलेली दोन अजून आहेत.

वकिलांकडे अमरावतीला एकदा जाऊन आले, कारण गावात जो तो सांगत होता की रजिस्टर केलं नाही तर हक्कच नाही. तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं की हक्क लागू होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीच्या नोंदणीला ५०० रुपये लागतात आणि नोंदणी असली तर कलम ४८ नुसार ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, एवढा फायदा. कलम ६२ मुळे मी राहते त्या जिल्ह्याच्या कोर्टात दावा लावता येतो, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. हे ऐकून छातीवरचं ओझं उतरलं. मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. दुसऱ्याचं पान फक्त साठवणाऱ्या मधल्या सेवेला तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तो मजकूर बंद करावा लागतो, पण २१ दिवसांत आपण कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात. हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे.

वेबॅक मशीनच्या प्रतीबद्दल वकिलांनी सरळ सांगितलं. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत ती भरपूर वजनदार आहे, कारण ती ना तुमची आहे ना त्यांची. कोर्टात मात्र नुसती छापून नेऊन चालत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, तीही त्यात येते. इंटरनेट आर्काइव्ह शुल्क घेऊन स्वतःचं प्रतिज्ञापत्रही देते. मी अजून दावा लावलेला नाही. बहार हातात आला की ठरवीन.

एक गोष्ट मामाजींना सांगताना जीभ अडखळली. कायद्यानं फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो, ज्याचा हात त्याचा नाही. म्हणजे त्या हातावर हक्क माझा, त्यांचा नाही. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी त्या नोंदीत फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव घातलं आणि मगच ते पान पुन्हा जतन केलं.

आता तो कापलेला तारा. बंद दारामागचं काही या यंत्राला दिसत नाही. फेसबुकचे बंद गट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ, लॉगइन लागणारं अ‍ॅप, आणि आमच्या भागातली अर्धी चोरी आता तिथेच होते. दुसरं, साइटचा मालक विनंती करून आपली पानं संग्रहातून वगळायला लावू शकतो. उद्या चोरानंच तसं केलं तर तुमचा पुरावा दिसेनासा होईल, म्हणून महत्त्वाच्या प्रतीची पीडीएफ काढून दोन ठिकाणी ठेवायची. तिसरं, ही एकाच संस्थेची तिजोरी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशामुळे ती भारतात काही काळ बंद होती, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्यानं काही दिवस ठप्प होती. नेमकं त्याच आठवड्यात गरज पडली तर काय? म्हणून तिच्यावर विसंबा, पण फक्त तिच्यावर नको. मी आता नवीन नोंद टाकली की त्याच दिवशी जतन करते, पीडीएफ पेनड्राइव्हवर घेते, आणि मूळ फोटो मोबाईलमधून पुसत नाही. फोटोच्या मूळ फाइलमध्ये काढल्याची तारीख असते, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या प्रतीत उरत नाही.

जमलं तर या संस्थेला थोडी देणगीही द्या. मी संत्र्याचे पैसे आले तेव्हा दिली.

आणि एक राहिलंच. त्या कंपनीनं पानावरचा फोटो काढून टाकला, पण तोच हात त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच छापून दुकानादुकानांत वाटला होता. कागद जतन करायला कोणतं बटण नाही. वर्ष संपलं तरी आमच्या गावच्या किराणा दुकानात ते लटकलेलंच होतं, जून महिन्याचं पान वर, कारण खाली फवारणीचं वेळापत्रक आहे. गेल्या आठवड्यात मी दुकानदाराला मागून ते घरी आणलं. दवाखान्याचा कागद, दोन छापलेल्या प्रती आणि हे कॅलेंडर, सगळं एकाच फाइलीत आहे. मामाजींनी फाइल कोरड्या जागी ठेवायला सांगितली, म्हणून ती बियाण्याच्या पेटीत ठेवली आहे.